खर्जाचे साधन आणि संतोषाची मर्यादा

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात संतोष म्हणजे हाताशी असलेल्या साधनांहून अधिक काही मिळवण्याची इच्छा नसणे, असा अर्थ दिलेला आहे, आणि या व्याख्येचा सारा भार ‘साधन’ या शब्दावर आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. साधन हे नेहमी कशाचे तरी साधन असते. साध्य बदलले की काल पुरणारे साधन आज अपुरे पडू शकते, आणि अशा वेळी अधिकाची अपेक्षा धरणे हा संतोषाचा भंग मानावा का, हा प्रश्न भाष्यकाराच्या शब्दांतूनच उभा राहतो. बास गिटार वाजवणाऱ्याने सरावाचा छोटा ॲम्प बाजूला ठेवून बेताच्या पैशांत मोठा घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता, हा वरवर निव्वळ खरेदीचा वाटणारा विचार त्या प्रश्नाची चांगली परीक्षा घेतो, कारण येथे ‘पुरेसे’ म्हणजे किती हे माणसाच्या वृत्तीइतकेच हवेच्या आणि कानाच्या नियमांवर ठरते.

चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात. 10 किंवा 15 वॉटचा, 8 इंची स्पीकर असलेला सरावाचा ॲम्प ही मूळ कंपने फारच क्षीण उमटवतो. त्यातून ठळकपणे बाहेर पडतात ते 82, 123 अशा पटींतले वरचे स्वरांश. तरीही बंद खोलीत एकट्याने वाजवणाऱ्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांतील समान अंतरावरून श्रवणशक्ती गैरहजर मूळ स्वर स्वतःच भरून काढते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर धूर दिसतो आणि अग्नी कळतो. अर्थात काटेकोरपणे हे अनुमान म्हणता येणार नाही. अनुमानासाठी धूर आणि अग्नी यांच्या नित्य साहचर्याचे, म्हणजे व्याप्तीचे, स्मरण लागते आणि येथे तसे कोणतेही स्मरण होत नाही, स्वर थेट ऐकल्यासारखाच वाटतो. मात्र एका बाबतीत दोन्हींची गत सारखीच आहे: ज्या खुणेच्या आधारावर ज्ञान उभे असते ती खूण झाकली गेली की ज्ञानही नाहीसे होते.

तालमीच्या खोलीत नेमके हेच घडते. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की त्यांचे आवाज बासच्या वरच्या स्वरांशांवर पसरतात, मूळ कंपने तर मुळातच जेमतेम होती, आणि खोलीत पुरेसा वाटणारा तोच ॲम्प कितीही मोठा केला तरी फक्त फाटका आवाज देतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्र, मध्य आणि तार या नादांची स्थाने अनुक्रमे हृदय, कंठ आणि मस्तक अशी सांगितली आहेत. त्याचे विवेचन मानवी देहाविषयीचे असले, तरी समूहवादनात छातीला जाणवणारा आवाज हरपला म्हणजे उरलेले वादन कसे अधांतरी होते, हे समजण्यास ती कल्पना आजही उपयोगी पडते. या वाद्याचा जन्मही अशाच गरजेतून झाला. नाचाच्या सभागृहांत उभ्या डबल बासचा आवाज बुडत असे, म्हणून कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी 15 इंची स्पीकरचा बासमन हा ॲम्प काढला. तेव्हा सोबत्यांना ऐकू जाईल इतका आवाज मागणे हा लोभ म्हणता येत नाही. एकांतातील सरावाकडून सहवादनाकडे जाणाऱ्याचे साध्य बदललेले असते आणि त्या साध्याचे साधन त्याच्या हाताशी अजून आलेलेच नसते.

किती हवे, हा याहून अवघड भाग आहे. आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. वॉट दुप्पट केल्याने ती केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. 15 वॉटवरून 30 वॉटवर जाणाऱ्याने पैसे खर्च केले, पण आपली अडचण होती तेथेच ठेवली, असेच म्हणावे लागते. शिवाय स्वर एक सप्तक खाली गेला की तितक्याच जोरासाठी स्पीकरच्या पडद्याला साधारण चौपट पुढेमागे हलावे लागते, म्हणून वॉटच्या आकड्याइतकेच पडद्याच्या क्षेत्रफळाला महत्त्व आहे, आणि 12 इंची पडद्याचे क्षेत्रफळ 8 इंचीच्या सव्वादोन पट भरते. ध्वनितंत्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक कठोर नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणत्या तरी एकीवर पाणी सोडावे लागते. श्रीमंताला हा त्याग महागड्या शक्तीच्या आड काही काळ लपवता येतो. तुटपुंज्या पैशांत खरेदी करणाऱ्याला मात्र तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो, आणि म्हणूनच नित्य काय व अनित्य काय हे निवडणाऱ्या विवेकाचे एक लहानसे रूप त्याच्या निवडीत दिसते. अशा माणसाने सोडायची गोष्ट बहुतेक वेळा हलकेपणा ही असते. सुमारे 100 वॉटचा, 12 किंवा 15 इंची स्पीकरचा जुना, जड, वापरलेला कॉम्बो, म्हणजे ॲम्प व स्पीकर एकाच पेटीत असलेला संच, त्याला ड्रमच्या शेजारी उभे करू शकतो. पाठीला आणि जिन्याला द्यावी लागणारी किंमत मात्र त्याने आधीच हिशेबात धरली पाहिजे. विक्रेत्याने लिहिलेले वॉट क्षणिक उसळीचे आहेत की सतत टिकणारे, आणि पूर्ण शक्ती दुसरा स्पीकर जोडल्यावरच मिळते का, हेही विचारून घेणे आवश्यक असते.

यावर अपरिग्रहवादी असा आक्षेप घेऊ शकेल की, 100 वॉटच्या ॲम्पमधून बराच काळ जेमतेम दहा वॉटच बाहेर पडत असतील, तर उरलेली शक्ती हा संचय नव्हे काय? तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी उठणारी लाट सरासरी आवाजाच्या कितीतरी पट मोठी असते, आणि राखीव शक्ती नसेल तर तिचा माथा कापला जाऊन स्वर विद्रूप होतो, हे त्याचे उत्तर आहे. जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येत न शोधता मूर्च्छेत, म्हणजे वस्तूविषयीच्या आसक्तीच्या गुंगीत, सांगितले आहे, आणि ती कसोटी लावली तर ही राखीव शक्ती निर्दोष ठरते, कारण ती दर ठोक्याला कामी येते. मूर्च्छा सुरू होते ती याच्या पलीकडे, जेव्हा तालमीपुरते हवे असताना हजार माणसांच्या मैदानाला पुरेल असा ॲम्प घरी असावा असे वाटू लागते. मोठ्या कार्यक्रमात ॲम्पच्या मागील ‘डीआय’ या जोडणीतून बासचा संकेत सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेकडे जातो आणि श्रोत्यांपर्यंत तीच तो पोहोचवते. वादकाच्या स्वतःच्या पेटीने त्या रात्रीही फक्त त्याला आणि शेजारच्या ड्रमवादकाला ऐकू जायचे असते.