आजचं चिंतन: गीता ३.२१ आणि ईम गावचे दोन धर्मगुरू



आजचा श्लोक ओळखीचा आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसेच बाकीचे वागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. पण हा श्रेष्ठ कोण? ज्याच्याकडे पद आहे तो? उत्तरासाठी आज इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधल्या ईम या छोट्याशा खेड्यात जाऊ.

१६६५ मध्ये लंडनहून इथल्या एका शिंप्याकडे कापड आलं. त्यातल्या पिसवांबरोबर गावात प्लेग शिरला, असं सांगतात.

गावचे धर्मगुरू विल्यम माँपेसन नवीन होते, वयाची तिशीही गाठली नव्हती. लोकांचा जीव होता तो आधीच्या थॉमस स्टॅन्ली यांच्यावर. सरकारमान्य प्रार्थनापद्धत नाकारल्यामुळे त्यांचं पद १६६२ मध्ये गेलं होतं. एकाकडे अधिकार, दुसऱ्याकडे विश्वास, आणि दोघांमधले मतभेद खरे होते. तरी जून १६६६ मध्ये दोघं एकत्र उभे राहिले आणि गावाला म्हणाले, रोग शेजारच्या गावांत जायला नको, म्हणून कुणीही हद्द ओलांडायची नाही.

चर्च बंद झालं. ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, घराघरांत अंतर ठेवून प्रार्थना सुरू झाली. ज्याने त्याने आपलं माणूस आपणच पुरायचं. बाहेरचे लोक हद्दीवर अन्न ठेवून जात आणि दगडाच्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी घेऊन जात.

एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. गावात एकूण सुमारे २६० माणसं गेली.

माँपेसन यांनी आपली मुलं आधीच बाहेर पाठवली होती. हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. ती सोय एलिझाबेथला नव्हती. पण ते स्वतः गेले नाहीत. पत्नी कॅथरिनही राहिली, आणि ऑगस्टमध्ये प्लेगनेच गेली. त्यानंतरही ते गावातच होते. स्टॅन्लींना तर पदाचं बंधनच नव्हतं, तरी तेही राहिले.

इथे श्लोक उलगडतो. श्रेष्ठ म्हणजे निर्दोष माणूस नव्हे आणि मोठ्या डेझिग्नेशनचाही नव्हे. जो नियम दुसऱ्याला सांगतो, त्याची झळ स्वतः सोसतो तो श्रेष्ठ. पुढच्याच श्लोकात भगवंत म्हणतात की मला काहीच मिळवायचं नाही, तरी मी कर्म करतोच. यालाच गीता लोकसंग्रह म्हणते. आणि एलिझाबेथसारख्यांना तर कुणी श्रेष्ठ म्हटलंही नाही, पण आसपासची गावं वाचली ती त्यांच्या थांबण्यामुळे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक आजही या सगळ्यांची आठवण जागवतात.

आजचा अभ्यास: घरी किंवा टीममध्ये आपण दुसऱ्यांना सांगतो असा एक नियम निवडा आणि आज दिवसभर तो आधी स्वतः पाळा. आणि ज्याच्याशी पटत नाही, पण ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे, अशा एकाला सोबत यायची विनंती करा.

हरी ॐ तत्सत्.