सुट्या पैशांतला रुपया

गुरुप्रतिपदेनंतरच्या गुरुवारी नृसिंहवाडीला गेलो होतो. देवळाच्या वाटेवर एका आजींकडून हार आणि तुळस घेतली, पन्नासाची नोट दिली. आजींनी दहाची नोट आणि थोडी चिल्लर हातावर ठेवली. ती मी न बघताच खिशात टाकली. परतताना एस.टी.त सुटे काढू लागलो, तर एक नाणं हाताला जड लागलं. काळं पडलेलं. अंगठ्यानं घासलं, तर मुकुट घातलेला सहावा जॉर्ज! मागे वेलबुट्टीच्या आत 'वन रुपी इंडिया' आणि साल १९४४.

हा रुपया म्हणजे वजनाला बरोबर एक तोळा. आपल्या आज्या 'रुपयाभार हळद' म्हणायच्या, ती याच मापानं. युद्धाच्या काळात, १९४० पासून, त्यात चांदी निम्मीच राहिली. तरी निम्मा तोळा चांदी म्हणजे आज एका रुपयाच्या कितीतरी पट. (वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असले निरोप फोनवर फिरतात, ते सोडा. असल्या खरेदी-विक्रीच्या आमिषांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंच २०२१ साली सांगितलं आहे.)

घरी दाखवलं, तर सौ. म्हणाली, "महाराजांचा प्रसाद समजा." मलाही ते पटलं. जरा जास्तच लवकर पटलं, आणि तिथंच मन अडलं. आजींनी चुकून दहा रुपये जास्त दिले असते, तर मी गाडीतून उतरून परत केले असते. मग हे का नाही? ती मोजण्यातली चूक, ही माहितीतली, एवढाच फरक. मला सन वाचता येतं, चांदी ओळखता येते, ही माझी कमाई म्हणायची का?

एक मित्र म्हणाला, "जुन्या बाजारात लोक हेच करतात की." खरं आहे. पण तिथं विकणारा ती वस्तू विकायलाच बसलेला असतो. भाव सांगतो, घासाघीस होते. आजी नाणं विकत नव्हत्या. त्या फक्त माझा एक रुपया मला परत देत होत्या. माझं येणं एक रुपया, तेवढंच. वरची चांदी मी विकत घेतलेली नाही, आणि त्यांनी दान दिलेलीही नाही.

हे सगळं कळूनही तीन गुरुवार गेले. नाणं कपाटात, आणि मी उगाच कपाट उघडून बघतोय. भाचा आला, तर त्याला दाखवलं नाही. यदुराजाला अवधूतांनी सांगितलेल्या चोवीस गुरूंतला कुरर पक्षी आठवला. चोचीत मांसाचा तुकडा धरून उडणारा, आणि म्हणूनच बाकीच्या पक्ष्यांचा मार खाणारा. माझ्यामागे तर कुणी लागलंही नव्हतं.

चौथ्या गुरुवारी वाडीला गेलो. आजी होत्या. नाणं पुढं केलं, तर त्या ओशाळल्या. "काका, माफ करा बरं का. त्यो रुपाया कुनीच घेत न्हवतं. मलाबी कुनीतरी फुलाच्या पैशात दिलता. म्हनलं, जाऊ दे फुडं."

म्हणजे आजींनी तो खोटा समजून मला खपवला होता! क्षणभर वाटलं, सुटलो. त्यांनीच मला फसवायचं ठरवलं होतं, आता माझं देणं काय? पण त्यांनी मारलेला हात एका रुपयाचा, आणि मी कपाटात ठेवलेली चांदी त्याहून कितीतरी जास्त.

म्हटलं, "आजी, हा खोटा नाही, चांदीचा आहे. ओळखीच्या सोनाराला दाखवा, वजन करून घ्या. असातसा देऊ नका."

त्यांनी नाणं उलटंसुलटं पाहिलं, कपाळाला लावलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मग पाटीखालचा डबा उघडला.

"आदी तुमचा रुपाया घ्या," त्या म्हणाल्या, आणि नवा कोरा रुपया माझ्या हातावर ठेवला. "हार कितीचा देऊ?"