जपणे आणि साठवणे

जुन्या वस्तू जमवणे हा छंद की हव्यास? घरात जागा कमी आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च मोठा असला की हा प्रश्न नांदेडला निघतो, लातूरलाही निघतो. एका आगळ्या संग्रहाच्या निमित्ताने आज आपण त्याकडे पाहू या.

1977 साली अमेरिकेतील फिडेलिटी कंपनीने 'चेस चॅलेंजर' हे बुद्धिबळ खेळणारे यंत्र विकायला काढले. पुढे म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लासर कंपनीची 'मेफिस्टो' यंत्रे गाजली. त्यांच्या पटाला खाचा असत. जुने मॉड्यूल काढून नवे सरकवले की पट तोच, सोंगट्या त्याच, पण समोरचा खेळाडू अधिक तरबेज! रिचर्ड लँग यांनी लिहिलेले प्रोग्राम अशाच मॉड्यूलांत होते. 1997 साली डीप ब्लूने कास्पारॉव्हला हरवले. आज तर खिशातला साधा मोबाईलही या जुन्या यंत्रांना सहज मात देतो. तरीही युरोप-अमेरिकेत माणसे ती हौसेने जमवतात.

यात मोह नाहीच, असे आम्ही म्हणणार नाही. काहीजण खोक्याचे सीलसुद्धा फोडत नाहीत, कारण सीलबंद मालाला भाव जास्त. पण यंत्र बंद ठेवले म्हणून टिकते थोडेच? आत राहिलेली बॅटरी पाझरते, संपर्काच्या पट्ट्या गंजतात. अनेक मॉड्यूलांतल्या चिपमधला प्रोग्राम विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत जातो. भाव वाढतो आहे आणि आतला खेळाडू विरतो आहे, असेही होऊ शकते. खेळण्यासाठी केलेली वस्तू कोणालाच खेळू न देणे, याला जपणे म्हणावे का? आम्हाला तसे वाटत नाही. जो संग्राहक यंत्र उघडतो, पुसतो, प्रोग्रामची नक्कल काढून ठेवतो आणि शेजारच्या पोराला डाव मांडून देतो, त्याचा खर्च आम्हाला उधळपट्टी वाटत नाही. अर्थात, घरची फी थकवून नव्हे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा हजारो वस्तू जमवल्या. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे संग्रहालय उभे केले आणि 1975 साली हयातीतच सगळा संग्रह शासनाला दिला. ज्या वस्तूंना घराघरांत अडगळ म्हटले जाई, त्या आता सर्वांच्या झाल्या. आपल्याकडे तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर किल्लारी परिसरातल्या लोकांना वेगळे सांगायला नको, की ढिगाऱ्यातून निघालेल्या एका तांब्याची किंमत बाजारात ठरत नसते.

मालक गेल्यावर मात्र वस्तू मुकी होते. कोणते मॉड्यूल कोणत्या पटात बसते, वीज किती व्होल्टची लागते, हे मुलांना ठाऊक नसेल तर सगळे पोते भरून भंगारात जाते. म्हणून ही माहिती एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवावी, आणि मुलाला जवळ बसवून एकदा ते मॉड्यूल त्याच्याच हाताने सरकवायला लावावे.