हाती लागल्यावर

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून त्या भागात आधीच पसरली होती. लोकांनी पाचही जणांना धरलं, मारत नेलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच जीव जाईपर्यंत मारलं.

कोंडल्यानंतर मारलं, हे मला विसरता येत नाही. क्षणभर ती अफवा खरी होती असं धरून चालू. माणसं खोलीत आहेत, बाहेर अख्खा बाजार उभा आहे. मग धोका कुणाला होता? गावातलं एकही मूल त्या घडीला असुरक्षित नव्हतं. दाराला कडी घालून पोलिसांची वाट पाहणं एवढंच काम उरलं होतं. नेमकं तेच झालं नाही.

जमावाच्या हिंसेचं समर्थन करणारे दोन गोष्टी सांगतात. पोलीस वेळेवर येत नाहीत, आणि आले तरी न्याय मिळत नाही. दोन्ही तक्रारी पुष्कळदा खऱ्या असतात. पण त्यांतून फार तर माणसाला धरून ठेवण्याचं समर्थन निघतं. धरलेल्या माणसाला मारण्याचं नाही. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात 16 एप्रिल 2020 च्या रात्री चोर असल्याच्या संशयावरून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हा तर पोलीस तिथे हजर होते. ‘पोलीस आले नाहीत’ ही सबबसुद्धा तिथे चालत नाही.

नागपूरच्या कस्तुरबानगरचं उदाहरण अधिक अवघड आहे, आणि चर्चेत ते कुणी ना कुणी काढतंच. 13 ऑगस्ट 2004 रोजी भर न्यायालयात अक्कू यादवला वस्तीतल्या बायकांनी मारलं. त्याने त्या वस्तीवर वर्षानुवर्षं बलात्कार आणि खंडणीची दहशत बसवली होती, आणि तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना पोलिसांनी दाद दिली नव्हती. तो जामिनावर सुटणार, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हती. खटल्यातले आरोपी पुढे पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना राईनपाड्याच्या जमावाशेजारी बसवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना समोरचा माणूस नावानिशी, कृत्यांनिशी माहीत होता. राईनपाड्यात समोरच्यांचं नाव जाणून घ्यावं असंही जमावाला वाटलं नाही. तरीही कस्तुरबानगरच्या कथेला टाळ्या वाजवणारे आपण, त्या टाळ्या कुठवर ऐकू जातात याचा विचार करत नाही. तिथे खरं तर पोलीस ठाण्याच्या दारातून परतवलेल्या प्रत्येक तक्रारीचा हिशेब मागायला हवा होता. तो राहिला, आणि ‘बायकांनी धडा शिकवला’ एवढंच लक्षात राहिलं.

भटक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. डवरी गोसाव्यांचं गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पूर्वी गाव त्यांना वेशावरून ओळखायचं, भिक्षा घालायचं. आता तोच वेश संशयाचं कारण होतो. ओळख पटवायची तर पटवायची कुणाला? गावासाठी पोलीस पाटील असतो, त्यासाठी 1967 चा स्वतंत्र कायदा आहे. अनोळखी माणूस दिसला की आधी त्या पाटलाकडे जायचं, ही सवय मात्र मोबाइलवरच्या निरोपाइतकी पटकन पसरत नाही.

राईनपाड्यानंतर सुमारे पंधरवड्याने, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबतच्या तहसीन पूनावाला प्रकरणात जिल्ह्याजिल्ह्यांत समन्वय अधिकारी नेमायला आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवायला सांगितलं. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली ती 2024 मध्ये. त्याच वर्षी 1 जुलैला, म्हणजे बरोबर सहा वर्षांनी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे. निव्वळ अफवेवरून झालेला खून त्यात बसतो की नाही, यावर वकील वाद घालतील. खुनाचं साधं कलम तर आधीपासून होतंच.

राईनपाड्याच्या त्याच रविवारी मालेगावातही हाच संशय भडकला होता. परभणीकडचं एक कुटुंब मुलं पळवणारे म्हणून जमावाच्या तावडीत सापडलं. त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं, ते त्यांचंच. तिथे स्थानिकांनी त्यांना एका घरात घेतलं. जमाव हटला नाही, पोलिसांवरही चालून गेला, पण कुटुंब जिवंत बाहेर निघालं. पोलिसांची तत्परता त्यात होतीच. मला वाटतं, आणखी एक कारण असावं: ते दार वस्तीतल्याच कुणाचं तरी होतं. ते फोडायचं तर शेजाऱ्याशी उभं वैर घ्यावं लागलं असतं. राईनपाड्यातली खोली ग्रामपंचायतीची, म्हणजे साऱ्या गावाची होती, आणि तिच्या दारात आडवं उभं राहणं आपलं काम आहे असं गावात कुणाला वाटलं नसावं.