सांगता न येणारं दुखणं



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 32.

इथे भगवंत श्रेष्ठ योग्याची खूण सांगतात. सगळ्यांचं सुख-दुःख जो स्वतःवरून ओळखतो, तो परम योगी. त्यासाठी शब्द आलाय 'आत्मौपम्य'. मला टोचलं की दुखतं, तसंच समोरच्यालाही दुखतं. सोपं वाटतं ना?

पण समोरच्याला बोलताच येत नसेल तर?

1980 च्या दशकापर्यंत अमेरिका-ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं ऑपरेशन अगदी कमी भूल देऊन व्हायचं. कधी कधी तर फक्त हालचाल थांबवणारं औषध दिलं जायचं. डॉक्टर निर्दयी नव्हते. एवढ्याशा जिवाला भूल झेपेल का, ही भीती होती. शिवाय 'बाळाला वेदना कळत नाहीत, कळल्या तरी आठवत नाहीत' असा समज होता.

इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी हा समज तपासून पाहिला. ज्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि नंतरचा त्रासही कमी झाला. 1987 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आता बाळाची वेदना मोजायला 'निप्स'सारख्या मोजपट्ट्या आहेत. नर्स सहा गोष्टी बघते : चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ शांत आहे की अस्वस्थ. एकूण गुण 0 ते 7. नुसतं रडणं का नाही धरत? कारण फार आजारी बाळात रडायचंही त्राण नसतं. श्वासनलिकेत नळी असेल तर आवाजच फुटत नाही. असं बाळ गप्प दिसतं आणि आपण म्हणतो, 'झोपलंय निवांत.'

आता परत श्लोकाकडे येऊ. स्वतःवरून ओळखणं चुकूही शकतं. 'हे माझ्यासारखं सांगत नाही, म्हणजे याला माझ्यासारखं दुखत नाही', हीसुद्धा स्वतःशी केलेली तुलनाच आहे की! म्हणून मला श्लोकातलं क्रियापद महत्त्वाचं वाटतं : 'पश्यति', म्हणजे बघतो. दुसऱ्याकडे नीट बघायचं, त्याच्या कपाळावरची आठी वाचायची. करुणेलाही अभ्यास लागतो.

आणि आठवणीचं म्हणाल, तर उद्या विसरलं जाणारं दुखणं आज खोटं ठरत नाही. ते ज्याला होतंय, त्याला आत्ता होतंय.

आजची साधना : घरात कुणाच्या बाळाला लस द्यायची असेल, तर 'त्याला काय कळतंय' म्हणू नका. आईला त्या वेळी अंगावर पाजू द्या, बाळाला छातीशी घट्ट धरू द्या. त्याने वेदना खरंच कमी होते.

आणि आज घरात कोण गप्प आहे, तेही जरा बघा.

राम कृष्ण हरी!