घरमालकाचा धर्म

सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेशी माघ पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड समाजाचे हजारो भाविक येतात. कोया पुनेम या गोंडी धर्माच्या परंपरेप्रमाणे कली कंकालीची बालके येथे कोंडली गेली होती. पुढे जंगो रायताडच्या वात्सल्याने, पारी कुपार लिंगोच्या प्रज्ञेने आणि शिळा हलविताना प्राणास मुकलेल्या हिरासुकाच्या त्यागाने ती मुक्त झाली. त्या बालकांच्या मस्तकावर छत होते, ऊन-पावसाची बाधा नव्हती. तरीही त्या स्थानाला घर म्हणण्यास कोणी धजणार नाही, कारण आत राहणाऱ्याच्या येण्याजाण्यावर सर्वस्वी दुसऱ्याची सत्ता होती. निवारा आणि घर यांच्यामधील हे अंतर कशाने भरून निघते, आणि छताचा जो मालक त्याचा छताखालच्या माणसावर कितपत अधिकार पोचतो, हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाचा वाटतो, आणि धर्माचाही.

शासनाने निवाऱ्याचा विचार केला नाही असे म्हणता येणार नाही. मालगुजारीच्या अमदानीतदेखील गावात राबणाऱ्या कुळाला आबादीत घरापुरती जागा मिळावी, हे तत्त्व या मुलखात मान्य होते. 1985 मध्ये इंदिरा आवास योजना आली. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली, तीत किमान 25 चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार, तर डोंगराळ व दुर्गम प्रदेशात 1 लाख 30 हजार रुपयांचे अनुदान ठरले. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. दर पावसाळ्यात ज्यांचे कवेलू फेरावे लागत आणि मातीच्या भिंती ज्यांच्या डोळ्यांदेखत खचत, अशा कुटुंबाला पक्की भिंत मिळणे हे लहान पुण्य नव्हे. परंतु या सर्व योजनांची दृष्टी एकच आहे : गरिबास मालक करावे. जो मालक नाही, ज्याला आज तीन वर्षे येथे आणि उद्या बदली होऊन अन्यत्र राहावयाचे आहे, त्याचा विचार त्यांत नाही.

आणि तालुक्याच्या ठिकाणी अशी माणसे थोडी नसतात. शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, बँकेचा कारकून, आसपासच्या खेड्यांतून शिक्षणासाठी आलेली मुले-मुली, या सर्वांना किरायाची खोली लागते. आणि ती मागावयास गेले असता किरायाच्या आधी ज्यास आडनाव विचारले जाते आणि आडनावावरून जातीचा अदमास आल्यावर ‘खोली कालच दिली’ असे उत्तर ऐकावे लागते, त्याच्या मनाला काय होत असेल याची कल्पना मालकाने एकदा तरी करावी. राज्यघटनेच्या 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तिच्या कारणावरून राहत्या जागेस आडकाठी करणे दंडनीय ठरविले. परंतु बंद दाराआड उच्चारलेल्या सौम्य असत्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोचतो. तेथे पोचतो तो धर्म, आणि तोच जर त्या उंबरठ्यावर मुका झाला, तर आतल्या देवघरातील समईला काय अर्थ उरला?

ईशावास्य उपनिषदाने हे सारे जगत् ईश्वराने व्यापिले आहे असे सांगून उपभोगाला त्यागाची अट घातली. गीतेतील अपरिग्रह आचरणात कसा आणावा या विवंचनेत असताना गांधीजींना, आत्मकथेत त्यांनीच नमूद केल्याप्रमाणे, स्नेलच्या न्यायग्रंथातील विश्वस्ताच्या कल्पनेने वाट दाखविली : ताब्यात पुष्कळ असूनही त्यातील कवडीही आपली न मानणारा तो विश्वस्त. मालकाने घर कोणास फुकट द्यावे, असा याचा अर्थ नाही. सालेकसासारख्या गावी मालक म्हणजे बहुधा निवृत्तीच्या पुंजीतून दोन खोल्या वाढविणारा साधा गृहस्थ; किराया हा त्याच्या संसाराचा आधार असतो, आणि ‘किरायेदार कब्जा धरून बसेल’ ही त्याची धास्ती अगदी निराधार असते असेही नाही. मात्र त्या धास्तीवर जात पाहणे हा उपाय नव्हे. तिचा खरा उपाय दस्तऐवज हा आहे.

विदर्भात 1949च्या सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेशाने किरायेदारास नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी घेण्याचे बंधन मालकावर घातले होते. पुढे 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने राज्यातील निरनिराळे कायदे एकत्र केले. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मिळालेल्या रकमेची पावती द्यावी. जागा राहण्याजोगी ठेवण्याची दुरुस्ती मालकाने करावी. न्याय्य कारणावाचून पाणी, वीज तोडू नये. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींतील क्षेत्रांपुरता आहे. म्हणून तो जेथे लागू नाही तेथील मालकाने ही कर्तव्ये सोडावीत काय? माझ्या मते तेथेच ती अधिक निष्ठेने पाळली पाहिजेत, कारण तेथे ती पाळविणारा त्याच्या सदसद्विवेकावाचून दुसरा कोणी नाही. तसेच किरायेदार कामावर गेला असता त्याचे कुलूप उघडून आत जाणे, त्याच्याकडे कोण आले-गेले याची झडती घेणे, त्याच्या चुलीवर काय शिजते यावर पहारा ठेवणे, हे मालकीच्या कोणत्याही कलमात बसत नाही.

सालेकसा तालुक्यातीलच काय, कोठल्याही गावातील घरमालकाला माझी विनंती इतकीच की, पुढच्या खेपेस कोणी खोली विचारावयास आले, तर किराया, मुदत आणि अनामत यांचीच बोलणी करावीत, ठरेल ते मुद्रांकाच्या कागदावर लिहून त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या खोलीचे छत पाहून घ्यावे तसेच त्याच्याही खोलीचे पाहून घ्यावे.