बिलातील तीन टक्के

विजेचे बिल हातात पडले की आपण आधी शेवटचा आकडा पाहतो. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क या मधल्या ओळी कोण वाचतो? पण अशाच एका ओळीने अमेरिकेतील ओरेगन राज्यात मोठा नैतिक प्रश्न उभा केला. त्यावर आज आपण थोडा विचार करू या.

ओरेगनने १९९९ साली कायदा केला. त्यानुसार २००२ पासून तेथील दोन मोठ्या खाजगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांच्या बिलावर तीन टक्के आकार लागू झाला. त्यातला अर्ध्याहून अधिक पैसा विजेच्या बचतीसाठी ठेवला गेला, दहावा हिस्सा शाळांसाठी, आणि उरलेल्यातून सौरऊर्जेसारखे छोटे प्रकल्प व गरिबांच्या घरांची कामे. पैसा कंपनीच्या तिजोरीत राहू नये म्हणून त्यातील मोठा भाग एका स्वतंत्र, ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आला. ही संस्था भिंतीत व माळ्यावर थंडी रोखणारा थर भरायला, कमी वीज खाणारी यंत्रे घ्यायला, छपरावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देते.

काम चांगलेच आहे. पण हे दान कोणाचे? कंपनीचे खचित नाही, कारण पैसा ग्राहकांचा. मग ग्राहकांचे म्हणावे का? त्यांना तर कोणी विचारलेच नव्हते. सक्तीने घेतलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो बरोबरच आहे.

आम्हांला वाटते, येथे ‘दान’ हा शब्दच चुकतो. आपण दिवा लावतो तेव्हा कोठेतरी कोळसा जळतो, कोठेतरी नदी अडवली जाते. त्या धुराची आणि त्या धरणाची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांचे नाव आपल्या बिलावर नसते. तेव्हा तो आकार म्हणजे आपल्यावर असलेल्या देण्याचा एक हप्ता होय. देणे फेडताना कोणी औदार्य मिरवत नाही, आणि ते फेडायला सांगितले म्हणून अन्याय झाला असेही म्हणत नाही.

परंतु देणे सर्वांनी फेडायचे, तर लाभ कोणाला? अनुदान बहुधा खर्चाच्या एका भागापुरतेच असते, उरलेले पैसे आपले आपण घालायचे. ज्याच्यापाशी स्वतःचे छप्पर आणि गाठीला पैसा आहे, तो आधी अर्ज करतो. भाडेकरूने काय करावे? भिंत मालकाची, थंडी मात्र त्याची. फटीतून ऊब निघून जाते, म्हणून बिल वाढते. बिल वाढले की तीन टक्केही वाढतात. म्हणजे गरिबाच्या पैशाने शेजारच्या बंगल्यावर पॅनेल चढते! हेतू शुद्ध असूनही असे घडू शकते.

ओरेगनने २०२१ साली कायदा बदलला. आकार दीड टक्क्यावर आला आणि बचतीचा खर्च नेहमीच्या वीजदरात धरला गेला. त्याचबरोबर नवीकरणीय ऊर्जेच्या पैशातील किमान चौथा हिस्सा कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या उपयोगी पडलाच पाहिजे, असे बंधन घातले गेले. वीस वर्षांनी का होईना, चूक कायद्यानेच थोडी दुरुस्त केली.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. २०२४ पासून केंद्र सरकार घराच्या छपरावरील सौर पॅनेलसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते. तो पैसा बिलातून येत नाही, सरकारी तिजोरीतून येतो. पण ती तिजोरी चाळीतला माणूसही साबण आणि बिस्किटे घेताना भरत असतो. त्याला छप्पर कोठले?

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण तिचे औदार्य सांगण्यासाठी वाचतो. मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या अगदी आधी विधवांची घरे गिळणाऱ्यांना येशूने फटकारले आहे, हे मात्र विसरतो. पेटीत कोण काय टाकतो एवढेच पाहून भागत नाही. पेटीतले कोणाच्या घरी जाते, हेही पाहावे लागते.

म्हणून आपल्यापैकी ज्यांना अनुदान मिळेल त्यांनी ते अवश्य घ्यावे. फक्त त्याला आपली कमाई समजू नये. वाचलेल्या बिलातील काही भाग ज्याला छप्पर नाही त्या शेजाऱ्याच्या उपयोगी कसा पडेल, याचा विचार या आठवड्यात घरात बसून करू या.